सरळ रेघ

एक्क्याण्णव सालची गोष्ट. घड्याळजी, त्याची बायको आणि नऊ वर्षांची मुलगी डोळ्यांच्या दवाखान्यातल्या काळोख्या खोलीत बाकावर बसले होते. दिवस कलला की मुलगी दाराला, टेबलाला, समोरच्या माणसालाही धडकायची. चष्मे बदलून झाले, लांबच्या शहरातले मोठे दवाखाने पालथे घालून झाले. शेवटी चष्मेवाल्यानेच सांगितलं, अहो, डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरीणबाई इथेच बसतात की! तुमच्या दुकानासमोर, वरच्या मजल्यावर.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," बायको काळोखात पुटपुटली. "एवढी थोरली पाटी समोर लावलीय, आणि तुम्हाला दिसली नाही?"

"मी काय पाट्या वाचायला बसतो दुकानात?"

तेही खरंच. केसासारखी स्प्रिंग तो चिमट्याने पहिल्या झटक्यात उचलायचा. या घराण्याची नजरच तशी, असं गिऱ्हाइकं म्हणत.

तपासणी करणाऱ्या बाईने त्यांना समजावून सांगितलं होतं. आधी डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग पापणीच्या आत दोऱ्यासारखी तार ठेवायची आणि उजेड चमकवायचा. पडदा जागा असला की कागदावर डोंगर उमटतो.

हळूहळू बायकोला खुर्ची दिसू लागली, मशीन दिसलं, मुलीचे घट्ट मिटलेले हात दिसले. नवरा भिंतीला तळवा टेकवून ताठ बसला होता.

"कुणी हलू नका," तो म्हणाला. "मिट्ट अंधार आहे."

"आता तर दिसतंय की सगळं."

"तुला दिसेल. मांजर आहेस."

मुलगी फुसकन हसली. पण तार म्हटल्यावर तिने रडायला सुरुवात केली.

"बघ हं, धांदरटबाई, बाबा कसा बसतो ते," घड्याळजी म्हणाला. बाईने हात धरून त्याला खुर्चीत बसवलं. उजेड चमकला. कागदाची पट्टी सरकत बाहेर आली. बाईने छोट्या लाल दिव्याखाली ती धरली, तार नीट केली, पुन्हा उजेड चमकवला.

पट्टीवर सरळ रेघ होती.

"मशीन बिघडलंय तुमचं," घड्याळजी खुशीत म्हणाला. "पेचकस द्या, बघतो मी."

"ताई, तुम्ही बसता का जरा?" बाईने बायकोला विचारलं.

बायको बसली. उजेड चमकला आणि पट्टीवर डोंगर उभे राहिले, एकामागून एक. मग पुन्हा घड्याळजी. पुन्हा सरळ रेघ. या वेळी त्याने पेचकस मागितला नाही. मग मुलगी गुमान जाऊन खुर्चीत बसली. तिचे डोंगर बुटके होते, पण होते.

खोलीत दिवे लागले. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पट्ट्या पाहिल्या, भिंग घेऊन घड्याळजीच्या डोळ्यांत कितीतरी वेळ पाहिलं.

"रात्री आभाळात चांदण्या किती दिसतात तुम्हाला?"

"एखादी. सगळ्यांना दिसते तेवढीच."

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"आणि तुमच्या वडिलांना?"

"त्यांचं काय विचारता! शिस्तीचा माणूस. दिवस मावळला की आमच्याकडे कुणी उंबरठा ओलांडायचा नाही. सामान जागचं हलवायचं नाही. स्वतः ते दिवेलागणीनंतर खुर्चीवरून उठतसुद्धा..."

तो थांबला.

बायकोने बाकाची कड धरली. एकदा तिने स्टूल कोपऱ्यातून खिडकीशी नेलं होतं, त्यावरून सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. वळण नाही, माहेरी काही शिकवलं नाही, सगळं तिने मुकाट ऐकून घेतलं होतं. पुढे तीच माहेरी जाऊन मिरवायची: आमचं घर म्हणजे शिस्त!

"कडेचं दिसणं केव्हाच गेलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मधलं शाबूत आहे, म्हणून तुमचं काम चाललंय."

"किती वर्षं चालेल?"

"ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

"आणि हिचं?"

"हिच्याकडे अजून पुष्कळ आहे. वर्षातून एकदा तपासायचं, अंधारात एकटं सोडायचं नाही."

घड्याळजीने मुलीकडे पाहिलं. तिच्या कपाळावर कालचंच टेंगूळ होतं.

"मी मारलंय हिला," तो म्हणाला. "बघून चालत नाही म्हणून."

मुलगी खुर्चीवरून उडी मारून उतरली. तिचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे बाबा, तुम्ही पण धांदरट?"

सासऱ्यांना कुणी काही सांगितलं नाही. ते शिस्तीचे म्हणूनच जगले आणि शिस्तीचे म्हणूनच गेले. डॉक्टरीणबाई निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेल्या. मुलगी शिकली, कॉलेजात इतिहास शिकवते, तास सकाळचेच घेते. लग्नाच्या बोलण्यात डोळ्यांचं तिने सगळ्यात आधी सांगितलं. दोन-तीन घरची माणसं चहा न घेताच उठली. एक जण बसून राहिला.

घड्याळजीने बरीच वर्षं दुकान चालवलं, मग एक दिवस स्वतःच कुलूप लावून आला. आता त्याच्या नजरेत नाण्याएवढी खिडकी उरली आहे. दुपारी बायको त्याच्या शेजारी येऊन टेकली, की तो तिला उठवतो.

"समोर बस. जरा लांब," तो म्हणतो. "जवळ आलीस की अर्धीच दिसतेस."