दुसरं मशीन

"विचारलं तर एक म्हणा, बाबा," मुलीने तिसऱ्यांदा बजावलं. "एकच कॉम्प्युटर. दोन म्हणालात की मंजुरी मिळायची नाही. नवं लायसन्स यायला दोन दिवस लागतात, आणि माझी परीक्षा आज चारला आहे."

आई पलंगाच्या कडेला बिस्किटांचा जुना डबा मांडीवर घेऊन बसली होती. घरातली झाडून सगळी वॉरंटी कार्डं आणि पावत्या त्या डब्यात. तिला एवढंच कळलं होतं की कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळला, दुकानदाराने नवा बसवला, आणि आता आतली सिस्टीम या मशीनला ओळख दाखवायला तयार नाही. लायसन्स पुन्हा मंजूर करून घ्यायचं, त्याशिवाय परीक्षेचं पान उघडणार नाही. लायसन्स वडिलांच्या नावावर, म्हणून फोनही वडिलांनीच करायचा.

वडील चष्मा लावून ताठ बसले होते. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक. काट्यात दहा ग्रॅम इकडचे तिकडे झाले तरी दंडाची पावती फाडणारे. माझ्या हाताखालून खोटं माप गेलं नाही, हे त्यांचं उठता-बसता चालायचं. या लायसन्सच्या बाबतीत मात्र गंमत झाली होती. ते एकाच मशीनला चालतं, हे घेताना त्यांच्या लक्षातच आलं नाही. घरासाठी घेतलं म्हणजे घरातल्या सगळ्यांचं, असं धरून त्यांनी ते मुलाच्या लॅपटॉपवरही स्वतःच्या हाताने घातलं, एकेक आकडा मोठ्याने वाचत. "बाबांची आयुष्यातली एकमेव चोरी," म्हणून पोरं त्यांना चिडवायची.

तेव्हा पोरं दोन होती. मुलगा तीन वर्षांपूर्वी बापाशी भांडून, लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून गेला. "या घरात तुझं काही नाही," हे बापाचं शेवटचं वाक्य. त्यानंतर त्याचा ना पत्ता ना फोन. घरात त्याचा विषय काढायची सोय राहिली नव्हती.

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावर नव्याने आलेल्या बाईंनी जिन्यात विचारलं होतं, "मुलं किती तुम्हाला?"

"एकच. मुलगी," वडील म्हणाले होते, पिशवी या हातातून त्या हातात घेत. आईला ते फार लागलं. तेव्हापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती.

फोन स्पीकरवर होता. रेकॉर्ड केलेल्या आवाजाने मागितले तसे आकड्यांचे नऊ गट वडिलांनी स्पष्ट वाचून दाखवले. मग आवाजाने विचारलं, "ही प्रत एकूण किती संगणकांवर बसवलेली आहे?"

मुलीने एक बोट वर केलं. वडील त्या बोटाकडे बघत राहिले. आवाजाने तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारला.

"दोन," वडील म्हणाले.

मुलीने कपाळाला हात लावला. फोनवर थोडा वेळ संगीत वाजलं, मग एका खऱ्याखुऱ्या बाईचा आवाज आला.

"सर, दुसरं मशीन कोणाचं आहे?"

"मुलाचं." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "माझ्या मुलाचं."

आई डब्याचं झाकण लावत होती, ती थांबली.

"काही हरकत नाही, सर. ते मशीन मी यादीतून काढते, तुम्हाला लगेच मंजुरी मिळेल." पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. "तसंही गेल्या दीड वर्षात ते एकदाही आमच्याकडे नोंदलं गेलेलं नाही. बंद पडलं असणार. काढू ना?"

दीड वर्ष. म्हणजे त्याच्या आधीचं दीड वर्ष तो कुठेतरी बसून ते उघडत होता. आईला क्षणभर तेवढ्यानेही बरं वाटलं. पुढचं दीड वर्ष मात्र तिच्याच्याने मोजवेना.

"हो म्हणा ना, बाबा," मुलगी कुजबुजली. "नुसतं यादीतून तर काढायचंय." मग तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उठून तिने परीक्षेचं ओळखपत्र पर्समध्ये टाकलं. पलीकडच्या गल्लीतल्या मैत्रिणीचा कॉम्प्युटर रिकामा असला तर बघते, असं आईला खुणेनेच सांगून ती चपला घालायला लागली.

"नको," वडील म्हणाले. "काढू नका."

"मग या मशीनला मंजुरी देता येणार नाही, सर."

"नका देऊ."

"ठीक आहे." पुन्हा टकटक. "पण आता तुम्ही सांगितलंत, तर दुसऱ्या मशीनची नोंद मला पूर्ण करावी लागेल. काय लिहू? बंद?"

"बंद नका लिहू."

"मग चालू आहे का ते?"

वडिलांनी आईकडे पाहिलं. आठवडाभरात पहिल्यांदा तिनेही त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"घरचंच आहे, असं लिहा," ते म्हणाले.

"असा रकाना नसतो, सर."

"मग मोकळा ठेवा," वडील म्हणाले. "तो आला की विचारून सांगतो."