लाल फुली

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या हनुवटीवरच्या फोडातून एक बारीक, लवचिक काडी आत सरकवली आणि एक्स-रे काढला. काडी सरळ खालच्या दाताच्या मुळाशी जाऊन पोचली होती. मास्तर शिंपी माणूस. सुई कुठून शिरते नि कुठे निघते, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"दात आतून मेलाय. त्याचा पू वाट काढत कातडीतून बाहेर येतोय. मुळाची नळी साफ करून भरली, की फोड आपोआप मिटेल."

आणि चार वर्षं मास्तर त्या फोडाला मलमं चोपडत होते. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला!

"बाई, हे दुसऱ्या कुणाला लागतं का हो?"

"छे. खुशाल जवळ घ्या घरच्यांना."

"बरं," मास्तर म्हणाले. बायकोला जाऊन पाच महिने झाले होते.

तिची छाती आधीच नाजूक. आपलं लचांड तिला नको, म्हणून मास्तरांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं होतं. आपला टॉवेल, अभ्रा, चादर, सगळ्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली घातली होती, चुकूनही ते तिनं वापरू नये म्हणून. ती म्हणायची, "अहो, माझ्यावरही घाला की एक फुली, म्हणजे मिटलं." मास्तर खेकसायचे. शेवटच्या दिवशीही ते दारातच उभे राहिले. तिनं हात पुढे केला होता.

तीन खेपांत दाताचं काम झालं. महिन्याभरात फोड मिटला, हनुवटीवर खळीएवढी खूण राहिली. त्या दुपारी मास्तर कात्री घेऊन बसले आणि एकेक फुली उसवून टाकली. आता काय, सगळे कपडे एकत्रच ठेवायचे. म्हणून त्यांनी पहिल्यांदाच तिचं कपाट उघडलं.

वरच्याच अभ्र्याच्या कोपऱ्यात लाल फुली होती. खालच्या टॉवेलवर होती. चादरीवरही होती.

शिंप्याची बायको असून तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही, यावर दोघं जन्मभर हसत आले होते. फुलीचा एक पाय लांब, एक आखूड, गाठ वरच्या बाजूला आलेली. धुणं वाळत घालायची ती, घड्या घालायची ती. मास्तरांना पत्ताच नव्हता.

सवयीनं त्यांनी कात्री टेकवली. टाका अगदी कच्चा होता, बोटानं ओढला असता तरी निघाला असता.

मास्तरांनी कात्री बाजूला ठेवली. चष्मा पुसला, सुईत लाल दोरा ओवला आणि तिची फुली पक्की करायला घेतली.