तारांची टोपी

फेफऱ्यासाठी मेंदू तपासणारी तारांची टोपी मलावीतल्या त्या गावात एकाच दिवसासाठी आली होती. थोकोझानी पहाटेच लेक म्वायीला घेऊन रांगेत पहिली उभी राहिली. फेफऱ्याच्या झटक्यात चुलीवर पडून भाजलेला म्वायीचा हात तिने कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाच्या टोकाखाली झाकला होता.

"अगं बाई, तुझ्या पोरीनं आधी घातली, तर तिचं फेफरं आमच्याच डोक्यात शिरायचं! मग कोण घालणार ती टोपी?" मागून शेजारीण कडाडली.

थोकोझानी मागे सरली. येईल त्याला तिने पुढे जाऊ दिले. सायंकाळी म्वायीचा क्रमांक आला, तेव्हा टोपीची बॅटरी संपली होती.

"पुढच्या वर्षी बघू, ताई," म्हणत तंत्रज्ञाने अहवाल पूर्ण केला :



"त्रेचाळीस जण तपासले. फेफऱ्याचा एकही रुग्ण नाही. या गावाला गोळ्या पाठवण्याची आवश्यकता नाही."