बारा फुलांची चौकट

"टाका भाऊजी, तुमच्या मनात येईल तिथे टाका," वहिनी म्हणाली आणि चार काठ्या बांधून केलेली हातभर लांब-रुंद चौकट तिने दिराच्या हातात दिली. आवाज ठणठणीत होता.

पैज साधी होती आणि तिची तिनेच ओढवून घेतलेली. घरचं सामाईक कुरण तीन वर्षं तिच्याकडे राहील, गाई बाहेर राहतील, ती तिथे रानफुलं वाढवेल. तीन वर्षांनी दिराने कुठेही चौकट टाकावी. आत बारा जातींची फुलं निघाली, तर कुरण कायमचं फुलांचं. अकरा निघाली, तर दुसऱ्या दिवशी दिराच्या तीस गाई आत. पंच म्हणून निवृत्त मास्तरीणबाई आल्या होत्या, भिंग आणि घडीची खुर्ची घेऊन.

या तीन वर्षांत लोकांनी वहिनीला वेड्यात काढलं होतं. जग जमिनीत शेण टाकतं, ही आहे ते शेणही उचलून बाहेर नेते! गवत कापते आणि खाली काडी म्हणून राहू देत नाही! "जमिनीला उपाशी मारतेय," असं दीर भेटेल त्याला सांगायचा. ते खरंच होतं. जमीन खाऊनपिऊन सुखी असली की गवत माजतं आणि फुलांचा गळा दाबतं, हे वहिनीला पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं. यंदा मात्र कुरण असं फुललं होतं की सकाळी फाटक उघडायला आलेली वहिनी फाटकातच उभी राहायची, आणि घरात चहा उतू जायचा.

फक्त एक कोपरा तिला काही केल्या जुमानत नव्हता. तिथे पूर्वी गोठा होता. चाळीस वर्षांचं शेणमूत त्या मातीत मुरलेलं. कितीही खरवडा, गवत आपलं कमरेएवढं, आणि फूल औषधालाही नाही. दिराने तिथे चौकट टाकली की खेळ खलास.

आणि दीर नेमका तिकडेच चालू लागला.

मास्तरीणबाईंनी वहिनीकडे एकदा पाहिलं आणि भिंग पुसायला घेतलं. त्यांनाही तो कोपरा ठाऊक होता, पण पंचाने बोलायचं नसतं.

कोपऱ्यात पोचून दिराने गवत बाजूला सारलं. मूठभर माती उचलली, दाबून पाहिली, नाकाशी नेली.

"वा! याला म्हणतात जमीन. इथे काठी रोवली तरी पालवी फुटेल." तो वळला. "काय वहिनी, इथे टाकू?"

"तुमची मर्जी," वहिनी म्हणाली आणि आभाळाकडे बघू लागली. आपल्या चेहऱ्यावर तिचा भरवसा नव्हता.

"म्हणजे तुमचं आयतंच फावलं!" दीर मोठ्याने हसला. "जन्मभर दूध काढत आलोय मी, पण दूधखुळा नाही."

चौकट खांद्याला अडकवून तो तडक कुरणाच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथे गाईंचा पाण्याचा हौद असायचा. खुरांनी तुडवून तुडवून तिथली माती कधीच वाहून गेली होती. उरला होता नुसता मुरूम, लांबून टक्कल दिसावं तसा. दिराने जवळ जाण्याचेही कष्ट घेतले नाहीत. दहा पावलांवरून चौकट भिरकावली.

"घ्या! इथे माझ्या एका गाईने कधी तोंड खाली घातलं नाही."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. हसू येऊ नये म्हणून तिने पदर तोंडात धरला.

मास्तरीणबाई चौकटीपाशी गुडघ्यांवर बसल्या. तिथली फुलं बोटभर उंचीची, पण दाटीवाटीने बसलेली.

"निळं, घंटेसारखं. एक. पिवळं, पाच पाकळ्यांचं. दोन. हे जांभळं..."

सातव्याला दिराने तोंडातली काडी काढली. दहाव्याला तो जवळ आला. बाराव्याला त्याने स्वतःच खाली वाकून पाहिलं. बारा झाल्यावर मास्तरीणबाई थांबतील असं दोघांना वाटलं होतं, पण त्या कसल्या थांबतात! शाळेतही त्या घंटा झाल्यावर शिकवत राहायच्या.

"एकोणीस," त्या म्हणाल्या, तेव्हा वहिनी एवढ्या मोठ्याने ओरडली की कुंपणावरचे कावळे उडाले. पासष्ट वर्षांची बाई, दोन्ही हात वर करून स्वतःभोवती गिरकी घेत होती. तीन वर्षांचा आनंद एकदम बाहेर पडत होता, तो काय पदरात मावणार?

दीर चौकटीपाशी उकिडवा बसला. भिंग मागून घेतलं. बराच वेळ बघत राहिला.

"इथे तर मातीसुद्धा नाही."

"म्हणून तर," वहिनी धापा टाकत म्हणाली.

"इथे एकोणीस. मग त्या गोठ्याच्या कोपऱ्यात किती निघाली असती? चाळीस?"

"एकही नाही, भाऊजी."

दिराने कोपऱ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. "आणि तुम्ही खुशाल आभाळाकडे बघत होतात!"

"तिथलं गवत गाईंना न्या तुम्ही. रोज एक भारा. पार बुडापासून कापा, काडी ठेवू नका."

"चला, तेवढी तरी दया आली गाईंची."

"दया कसली? असं अजून दोन-तीन वर्षं नेलंत की तिथेही फुलं येतील."

दीर विळा आणायला म्हणून घराकडे निघाला, नेहमीसारखा कुरणातून सरळ. दोन पावलं टाकून थांबला, खाली पाहिलं, पाय मागे घेतला, आणि कुंपणाच्या कडेकडेने लांबच्या वाटेने गेला.