बुटांचं माप

एकोणीसशे सेहेचाळीसच्या दुष्काळावरचा सिनेमा, म्हणून बुखारेस्टच्या सिनेमावाल्यांनी वलेनी गावातली सगळी पोरं चिखलात एका रांगेत उभी केली होती. डोकी भादरलेली, अंगात जाडेभरडे मळवलेले सदरे, कमरेला सुंभ, पाय उघडे. इटलीत कामाला गेलेल्या आयांनी पाठवलेल्या जीन्स आणि टी-शर्टांचा तंबूत ढीग पडला होता. शेजारी कापलेल्या केसांचा ढीग. त्यात सँडूचे कुरळे केसही गेले.

"तुझी आई आज येतेय ना रे?" शेजारी उभ्या लहानग्या गाव्रिलने विचारलं. "ओळखणार कशी तुला? आपण सगळे सोललेले बटाटे!"

"आई आहे ती माझी. काळोखातही ओळखेल."

"लाव पैज!"

"लावली. मी हाक मारणार नाही की हात करणार नाही. तूही तोंड उघडायचं नाहीस."

गाव्रिल बरं म्हणाला. त्याचीही आई इटलीतच म्हाताऱ्यांची उस्तवार करायला गेली होती. ती परत येईल, असं आता गावात कुणी म्हणतही नव्हतं.

पांढरी गाडी चर्चपाशी थांबली आणि सँडूची आई, विओरिका, उतरली. चार वर्षं तिने लेकाचा फक्त फोनवरचा आवाज ऐकला होता. दर नाताळला ती जुन्याच मापाचे बूट पाठवायची आणि दर नाताळला ते सँडूच्या पायात शिरायचेच नाहीत. आजी ते मुकाट्याने शेजारच्या पोरांना देऊन टाकायची. तिकडे राबणाऱ्या सुनेला कशाला कळवायचं!

आजही विओरिकाच्या हातात बुटांचं खोकं होतं. ती रांगेवरून नजर फिरवत चालली होती, कुरळे केस शोधत. ती समोर आली. सँडूने ओठ घट्ट मिटले.

ती पुढे गेली.

पुढे गाव्रिल होता. चार वर्षांपूर्वी सँडू होता तेवढाच.

"माझ्या सोन्या!" विओरिका चिखलातच गुडघ्यांवर बसली आणि तिने त्याला छातीशी धरलं.

गाव्रिलने एकदा सँडूकडे पाहिलं. तो सांगणार होता, खरंच सांगणार होता. पण असं कुणी जवळ घेतल्याला फार दिवस झाले होते. त्याने डोळे मिटले आणि तिच्या गळ्यात हात टाकले.

"जागा सोडू नका रे कुणी!" कर्ण्यातून कुणीतरी ओरडलं.

सँडूला हाक मारता आली असती. पैज गेली खड्ड्यात. पण हाक मारून मिळवलेली आई त्याला नको होती.

विओरिकाने गळ्यातल्या स्कार्फच्या टोकाने गाव्रिलचा पाय पुसला, बूट चढवला, टाचेत बोट घालून पाहिलं.

"बघ," ती रडता रडता हसली, "या वेळी माप अगदी बरोबर निघालं!"

सँडूने आपली मोठी झालेली पावलं चिखलात आणखी खोल रुतवली.