घाटाची चाकं, माळाची चाकं

बापाने चाकं पुन्हा काढली.

"दादा, हात लावू नकोस म्हटलं होतं ना," काका म्हणाला. "पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात?"

"तुझ्या या पराती बांधून पोरगी घाट चढणार?"

"मग तुझ्या काटक्या लावून पलीकडच्या माळावर वाऱ्याशी कुस्ती खेळू दे. घाटात पुढे जाईल आणि माळावर सगळ्याजणी तिला गिळतील."

पोरगी मोटारीच्या उघड्या डिकीच्या काठावर बसली होती. पाठीवर नंबर, मांडीवर हेल्मेट. समोर डांबरावर तिची सायकल चाकांविना उलटी पडलेली. संघाच्या निवडीची शर्यत होती. यंदा नाव लागलं नाही तर पुढच्या वर्षी ती वयोगटात बसणार नव्हती. ही गोष्ट दोघांनाही ठाऊक होती, म्हणून तर दोघांच्या अंगात आलं होतं. बाप तरुणपणी सायकलवर घाटात कुणाला ऐकायचा नाही, त्याने हलकी, बारीक अॅल्युमिनियमची चाकं आणली. काकाचं सायकलींचं दुकान, त्याने खोल रिमची, वारा कापणारी कार्बनची आणली. आठवडाभर घरात जेवताना ग्रॅम आणि चहाला वारा. चालवणारीला कुणी विचारलं नव्हतं.

"बरं, भांडू नकोस," काका म्हणाला. "पुढे तुझं, मागे माझं. झालं?"

बापाने विचार केला. "हे आधीच बोलला असतास तर."

जमिनीची वाटणी व्हावी तशी सायकलीची वाटणी झाली. दोघांनी एकेक चाक बसवलं, सायकल सरळ केली आणि मोठं काम केल्यासारखे हात पुसले.

पोरगी उठली. तिने मागचं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेक दाबला. चाक कुरकुरलं, पण फिरतच राहिलं. तिने वाकून पाहिलं. कार्बनच्या रिमचे पिवळे ब्रेक-रबर बापाच्या पान्यांशेजारी जमिनीवर पडले होते. ब्रेकमध्ये होते ते काळे, अॅल्युमिनियमच्या रिमचे, कार्बनवर न धरणारे. मघाशी चाकं काढताना बापाने बदललेले.

"चढ बाबांचा. माळ काकाचा," ती म्हणाली. "उतार कुणाच्या वाटणीला आलाय?"

काकाने वाकून ब्रेक पाहिला.

"दादा, तू रबर बदललेस आणि सांगितलं नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? दुकान तुझं आहे. बसवताना डोळे कुठे होते?"

"पाच मिनिटं दे, बदलतो."

"बदलायचं कशाला? मागेही माझंच लाव. रबर आहेतच त्याचे."

"म्हणजे शेवटी तुझंच खरं."

कर्णा वाजला. मुलींनी सुरुवातीच्या रेषेवर यावं, अशी घोषणा झाली. बापाने पाना उचलला. काकाने पिवळे रबर उचलले. दोघांनी एकाच वेळी सायकलीचा दांडा धरला.

"सोडा," पोरगी म्हणाली. "दोघेही सोडा."

तिने मोटारीच्या मागच्या सीटवरून सरावाची चाकं ओढून काढली. जड, अॅल्युमिनियमचीच, रिमवर ओरखडे, रोज रस्त्यावर घासलेली. दोघांची चाकं उतरवून तिने ती स्वतः बसवली. अंगठ्याने हवा दाबून पाहिली. मागचं चाक फिरवून ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं. मग पुढचं.

"अगं, ही ओझी घेऊन तू घाट…" बाप म्हणाला.

"आणि माळावर…" काका म्हणाला.

ती सायकल ढकलत निघून गेली. मागे एकाच्या हातात हलकं चाक राहिलं, एकाच्या हातात खोल.

रेषेवर सगळ्या खेटून उभ्या होत्या. शेजारच्या मुलीने वाहनतळावरची भांडणं ऐकली असावीत. ती गालात हसली.

"शेवटी कुठली लावलीस गं?"

पोरीने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

"गोल," ती म्हणाली.