नसलेला कप्पा

प्रथमेश सोफ्याच्या कडेला टेकला. पद्मावतीबाईंनी पुढे केलेल्या चहाला त्याने हात लावला नाही.

"काकू, काकांची ॲम्ब्युलन्स चुकीच्या घरी गेली, ती माझ्यामुळे."

पती एकनाथराव गेल्यावर हिमायतनगरच्या त्या फ्लॅटमध्ये आता त्या एकट्याच होत्या.

ॲम्ब्युलन्सचं ॲप प्रथमेशने लिहिलं होतं. त्यात पेशंटची नोंद म्हणजे कप्प्यात कप्पा: संपर्काच्या आत घर, घराच्या आत पत्ता. मधला कप्पा नसला की ॲपची प्रोग्रामिंग भाषा, जावास्क्रिप्ट, तिथंच अडायची, ॲप बंद पडायचं. म्हणून त्याने एक फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, तयार केलं. वाटेतला कप्पा नसेल तर आधी तो तयार करायचा, मग आत पत्ता ठेवायचा. ऑफिसात सगळ्यांनी पाठ थोपटली होती.

पुढे पत्ता बदलायची सोय करताना कप्प्याच्या नावात त्याचं एक अक्षर चुकलं. एरवी लगेच एरर आली असती. फंक्शनने मात्र निमूट नवा कप्पा बनवला आणि एकनाथरावांचा हिमायतनगरचा पत्ता त्यात टाकून दिला. ड्रायव्हरला दिसत राहिला जुनाच, बेगम बाजारचा. एकनाथरावांच्या छातीत कळ आली, त्यांनी मोबाइलवर बटण दाबलं. गाडी बेगम बाजारला जाऊन रिकामी परतली.

"अनोळखी कप्पा दिसला तर थांबायचं, एवढी एक ओळ लिहायला हवी होती," प्रथमेश म्हणाला. "नोकरी सोडली मी. पण काका इथं वाट बघत पडलेत, हेच डोळ्यांसमोर येतं."

"नोकरी कशाला सोडलीस रे बाळा?" पद्मावतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "दवाखान्याचा लई धसका घेतला होता त्यांनी. मागच्या बारीला नळ्या लावल्या, तवाच माझ्याकडून वचन घेतलं. पुन्हा तिथं नेऊ नको म्हणून."

"पण बटण तर त्यांनीच दाबलं ना, काकू?"

"हौ. घाबरले असतील काय की." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "त्या दिवशी आम्ही इथं नव्हतोच. जुन्या घरी ने म्हणून सकाळीच हट्ट धरला त्यांनी. बेगम बाजारात दार मीच उघडलं, बाळा. इथं कोणी आजारी नाही म्हणून गाडी मीच परत लावून दिली. आतून ते विचारत होते, आली का गं गाडी?"